संशोधक विद्यार्थी करतो तरी काय ?

पदवी पदरांत पडल्यावर मुलानें नोकरीस लागावें किंवा घरच्या धंद्यांत शिरावें, ही आईबापांची अपेक्षा स्वाभाविक आहे. आमच्या विट्यासारख्या गांवीं तर ती विशेषच स्वाभाविक म्हटली पाहिजे. एका घरीं यंत्रमाग चालूं असतात व हिशेबास विश्वासाचें माणूस हवें असतें. दुसऱ्या घरचीं माणसें गलाईच्या धंद्यानिमित्त दूर परमुलखांत दुकान मांडून बसलेलीं असतात व तीं धाकट्याची वाट पाहत असतात. अशा घरचा एखादा मुलगा अगर मुलगी पदवी घेऊनहि पुण्यामुंबईस राहते आणि गणकयंत्रांच्या शास्त्रांत संशोधन चालविलें आहे म्हणून कळविते, तेव्हां शेजाऱ्यापाजाऱ्यांस काय सांगावें हाच प्रश्न पडतो. ‘अजून शिकतोच आहे’ एवढें बोलून वडील मंडळी गप्प बसतात.

‘पण तो दिवसभर करतो तरी काय ?’ हा त्यांचा प्रश्न आम्हांस मुळींच अडाणीपणाचा वाटत नाहीं. ज्याचीं उमेदीचीं चारपांच वर्षें खर्चीं पडावयाचीं, त्यानें व त्याच्या घरच्यांनीं हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचें उत्तर देण्याचा येथें आम्ही यत्न करणार आहों. आणि तें शोधावयास पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळांत जाण्यापूर्वीं आपण आपल्याच गांवांतल्या मागाच्या शेडमध्यें जाऊं.

मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा, आणि धोट्याबरोबर आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा, हें विट्याच्या मुलास सांगावयास नको. परंतु एक गोष्ट रोज डोळ्यांपुढें असूनहि बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. धोटा जाण्याच्या क्षणीं ताण्याचा प्रत्येक धागा एक तर वर उचललेला असतो किंवा खालीं असतो. तिसरी अवस्था त्यास नाहीं. वर असलेल्या धाग्यास १ म्हणूं व खालीं असलेल्यास ० म्हणूं. मग साध्या कापडाची पहिली ओळ १०१०१०१० अशी लिहितां येईल व दुसरी ०१०१०१०१ अशी. या दोनच ओळी आलटून पालटून लिहीत गेलें कीं वाटेल तेवढें लांब कापड कागदावर उतरलें ! आतां पुढील चार ओळी चौकटीच्या कागदावर एकीखालीं एक मांडाव्या, आणि १ च्या जागीं चौकोन काळा करावा : ११००११००, ०११००११०, ००११००११, १००११००१. कागदावर तिरकस रेघ उमटलेली दिसेल. तिरप्या रेघेचें जाडें कापड असेंच विणलें जातें.

गणकयंत्राच्या, म्हणजे आजच्या भाषेंत संगणकाच्या, पोटांत याहून निराळी लिपि नाहीं. तेथें धाग्याच्या जागीं विद्युत् असते. ती आहे किंवा नाहीं, एवढ्या दोनच अवस्थांनीं अंक, अक्षरें, चित्रें व गाणीं हीं सर्व लिहिलीं जातात.

हें साम्य आम्ही ओढूनताणून आणलेलें नाहीं. त्यास इतिहासाचा आधार आहे. फुलें, मोर, वेलबुट्टी विणावयाची तर प्रत्येक धागा स्वतंत्रपणें उचलतां आला पाहिजे. फ्रान्समधील लिआँ शहरीं रेशमी कापडाचे माग होते. तेथें विणकराच्या जोडीस एक पोर बसवीत व तें सांगितलेल्या दोऱ्या दिवसभर ओढीत असे. १७२५ सालीं बूशों नांवाच्या कारागिरानें या कामास भोंकें पाडलेल्या कागदाची पट्टी लावून पाहिली. पुढें फाल्कों यानें पट्टीऐवजीं एकास एक जोडलेले पुठ्ठे आणले. आणि १८०४ च्या सुमारास झोझेफ मारी जाकार यानें ही युक्ति पूर्णत्वास नेली. याच जाकारचें नांव आपल्याकडे ‘जेकार्ड’ असें रूढ झालें असून सोलापुरी चादरीवरील नक्षी त्याच जातीच्या मागावर निघते.

या मागाचें कर्म असें : प्रत्येक धोट्यागणिक एक पुठ्ठा सुयांच्या रांगेवर येऊन दाबला जातो. जेथें भोंक असेल तेथें सुई आरपार जाते, तिचा आंकडा जागच्या जागीं राहतो, व वर जाणारी पट्टी त्यास धरून धागा उचलते. जेथें भोंक नसेल तेथें सुई मागें रेटली जाते, आंकडा पट्टीपासून दूर होतो व धागा खालींच राहतो. म्हणजे भोंक हा १ व कोरी जागा हा ०. पुठ्ठ्यांची माळ बदलली कीं त्याच मागावर, त्याच विणकराच्या हातून, निराळी नक्षी निघते. माग तोच राहून त्यास दिलेला हुकूम तेवढा बदलतो, हीच त्यांतील खरी नवलाई.

लिआँच्या विणकरांनीं या मागाचें स्वागत केलें नाहीं. दोऱ्या ओढणाऱ्यांचें पोट त्यावर होतें, तें गेलें. विट्याच्या वाचकांनीं तरी ही गोष्ट हंसण्यावारी नेऊं नये. इचलकरंजीस १९०४ सालीं पहिला यंत्रमाग आला. पुढें आपल्या या सर्व भागांत यंत्रमाग पसरले व हातमाग मागें पडले. आणि आतां बिनधोट्याचे वेगवान माग येऊन साध्या यंत्रमागांचीच तीच गत करूं पाहत आहेत. शास्त्राची थोरवी गातांना ही बाजू झांकून ठेवणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. ज्याच्या बुद्धीनें नवें यंत्र निघतें तो, आणि त्या यंत्रामुळें ज्याचा हात रिकामा होतो तो, हे दोघे बहुधा एका घरचे नसतात. म्हणूनच मागवाल्यांच्या घरचीं मुलें या शास्त्रांत शिरावीं असें आम्हांस फार वाटतें.

जाकारचे पुठ्ठे इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाच्या नजरेस पडले. जाकारचीच रेशमांत विणलेली एक तसबीर त्याच्या संग्रहीं होती; ती विणण्यास सुमारें २४,००० पुठ्ठे लागले होते. बॅबेजच्या मनांत आलें, ज्या पुठ्ठ्यांनीं नक्षी विणतां येते, त्यांनीं गणित कां विणतां येऊं नये ? त्यानें पितळी चाकांच्या एका प्रचंड गणकयंत्राचे आराखडे केले. १८७१ सालीं तो वारला तेव्हां यंत्र अपुरेंच होतें. परंतु त्या यंत्रावर एडा लव्हलेस या विदुषीनें १८४३ सालीं लिहिलेलीं टिपणें आजहि वाचलीं जातात. पुढें १८९० सालच्या अमेरिकेच्या खानेसुमारींत हर्मन होलेरिथनें भोंकांचे पुठ्ठे मोजणारीं विजेचीं यंत्रें कामास लावलीं, आणि तेथून हा पुठ्ठा गणकयंत्रांच्या घरांत कायमचा शिरला. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्याकडील अभियंतेहि असल्या पुठ्ठ्यांचे गठ्ठे काखेंत मारून गणनालयापुढें रांगेंत उभे राहत.

येथवर यंत्राची कथा झाली. पण संशोधक विद्यार्थी दिवसभर यंत्र उघडून बसतो अशी कोणाची समजूत असेल तर ती दूर केली पाहिजे. त्याचें बरेंचसें लक्ष यंत्राकडे नसून रीतीकडे असतें. एकच काम करण्याच्या दहा रीती असतात. त्यांपैकीं थोड्या श्रमांत पुरी होणारी कोणती, आणि तिच्याहून बरी रीत असूंच शकत नाहीं हें सिद्ध करतां येईल काय, हा त्याचा ध्यास. वर्णानुक्रमानें लिहिलेल्या १००० नांवांच्या यादींत एक नांव हुडकावयाचें आहे, असें समजा. पहिल्यापासून वाचीत गेल्यास कदाचित् हजारहि नांवें वाचावीं लागतील. परंतु मधलें नांव पाहून, आपलें नांव त्याच्या अलीकडे कीं पलीकडे तें ठरविलें, तर अर्धी यादी एका फटक्यांत बाद होते. उरलेल्या अर्धीचें पुन्हां तसेंच करावें. दहा वेळां पाहण्यांत काम फत्ते होतें, कारण दोनास दोनानें दहा पदांपर्यंत गुणीत गेल्यास १०२४ येतात. यादी दहा लाख नांवांची केली तरी वीस वेळां पाहणें पुरेसें होतें ! यंत्र काडीचेंहि सुधारलें नाहीं. सुधारली ती रीत.

याहून मोठें उदाहरण मागवाल्यांच्याच कामाचें आहे. एका कारखानदाराजवळ १०० किलो सूत व मागाचे ८० तास आहेत. (आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत.) जाड कापडाच्या एका ताग्यास २ किलो सूत व १ तास लागतो, बारीक कापडाच्या ताग्यास १ किलो सूत व २ तास लागतात, नफा दोहोंवर ताग्यामागें ३० रुपये. नुसतें जाड विणल्यास ५० तागे निघून १५०० रुपये सुटतील. नुसतें बारीक विणल्यास ४० तागे व १२०० रुपये. परंतु जाडाचे ४० व बारीकाचे २० विणल्यास सूतहि पुरें खपतें, वेळहि पुरा लागतो, आणि नफा १८०० रुपये होतो. दोन प्रकारांचा हिशेब तोंडी होईल. हजारों प्रकार, हजारों अटी असल्या म्हणजे ? १९४७ सालीं जॉर्ज डँट्झिग यांनीं काढलेली रीत अशी, कीं सर्व शक्य योजनांचें एक बहुकोनी शेत कल्पावें व बांधाबांधानें, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर, चांगल्या योजनेकडे जात राहावें. ती पुष्कळदां झटपट चालते. पण आडमुठें शेत भेटलें तर कोपरे मोजतां मोजतां जन्म सरेल. अशी दशा कधींच होणार नाहीं याची खात्री देणारी पहिली रीत १९७९ सालीं रशियांतील खाचियान यांनीं दिली, परंतु प्रत्यक्ष कामांत ती फारच संथ निघाली. तेव्हां मुंबईच्या आय. आय. टी.चे १९७८ चे पदवीधर नरेंद्र करमरकर यांनीं, अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत असतां, १९८४ सालीं निराळीच वाट दाखविली. बांधावरून न फिरतां शेताच्या आंतूनच, दर पावलास शेताचा आकार सोईचा करून घेत, कोपरा गांठावयाचा. ती खात्रीचीहि होती व वेगाचीहि. शिक्षण संपवून फार वर्षें न झालेल्या तरुणाच्या या लेखाची चर्चा त्या वेळीं जगभर झाली.

आतां ज्या गृहस्थांविषयीं लिहितांना आम्हांस सर्वांत अधिक आनंद होतो, त्यांच्याकडे वळूं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत असतां १९२७ सालीं त्यांनीं रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळविलें आणि १९२९ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. त्यापुढें विद्यापीठाचें शिक्षण त्यांनीं घेतलें नाहीं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीस शाळामास्तर होते. हातीं गणकयंत्र नाहीं, जवळ मोठें ग्रंथालय नाहीं. कागद, पेन्सिल आणि अंकांचें विलक्षण वेड, एवढेंच त्यांचें भांडवल. आगगाडीच्या प्रवासांतहि तें वेड त्यांना सोडीत नसे. एका जातीच्या संख्यांची कल्पना त्यांना डेम्लो, म्हणजे आजची डोंबिवली, या स्टेशनावर सुचली, म्हणून त्या संख्यांस त्यांनीं ‘डेम्लो संख्या’ असेंच नांव देऊन टाकलें !

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध आमच्या विद्यार्थ्यांनीं वहींत करून पाहावा. चार अंकी कोणतीहि संख्या घ्या. मात्र चारी अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमानें व चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान वजा करा, व येईल त्या संख्येस पुन्हां हीच क्रिया लावा. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ वजा जातां ३०८७. मग ८७३० मधून ०३७८ वजा जातां ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ वजा जातां ६१७४. पुढें ७६४१ मधून १४६७ वजा केल्यास पुन्हां ६१७४ च ! संख्या कोणतीहि घ्या, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेंच येतें. (मध्येंच तीन अंकी उत्तर आल्यास डावीकडे शून्य लिहून अंक चार करावेत, एवढें पथ्य पाळावें.) कापरेकरांनीं हें १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडलें. आपल्याकडील कित्येक विद्वानांनीं त्यांच्या कामास पोरखेळ मानलें. परंतु १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेच्या एका प्रसिद्ध शास्त्रीय मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, आणि देवळालीच्या मास्तरांचें नांव जगास कळलें. १९८६ सालीं ते निवर्तले. ६१७४ हा आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणूनच ओळखला जातो.

येथें संशोधक विद्यार्थ्याच्या दिनक्रमाचा खरा नमुना पाहावयास मिळतो. गणकयंत्रास हुकूम द्या. तें ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या सर्व संख्या पापणी लवण्याच्या आंत तपासून ‘होय, खरें आहे’ म्हणून सांगेल. सामान्य मनुष्य येथें थांबतो. संशोधक विचारतो : ‘कां ?’ आणि हातीं कागद घेतो. उतरत्या क्रमानें लिहिलेल्या अंकांस क, ख, ग, घ म्हणूं. वजाबाकी मांडून पाहिली तर उत्तर नेहमीं ‘९९९ गुणिलें (क वजा घ), अधिक ९० गुणिलें (ख वजा ग)’ एवढेंच येतें. म्हणजे चार अंकांपैकीं कामाच्या गोष्टी दोनच : पहिल्या व शेवटच्या अंकांतील अंतर, आणि मधल्या दोहोंतील अंतर. पहिलें अंतर १ ते ९ असूं शकतें. दुसरें ० पासून पहिल्या अंतराइतकें. अशा जोड्या मोजल्यास २, ३, ४ पासून १० पर्यंतच्या अंकांची बेरीज, म्हणजे ५४ भरतात. चारी अंक सारख्या असणाऱ्या १० संख्या वगळून उरलेल्या ९,९९० संख्या एका पायरींतच अवघ्या ५४ संख्यांवर येऊन पडतात ! हजारों संख्या यंत्रानें तपासण्याचें काम शाळकरी मुलगा एका सुटीच्या दुपारीं हातानें करूं शकेल इतकें लहान झालें. हा जो आनंद, त्यासाठीं तीं मुलें रात्रीं जागतात. आणि बँकेच्या, आगगाडीच्या, हवामानाच्या गणितांत हीच युक्ति पैशाचीहि बचत करते.

यंत्र बांधण्याचें धाडसहि आपल्याकडील तरुणांनीं केलेलें आहे. होमी भाभा यांच्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या देखरेखीखालीं नवख्या पदवीधरांनीं १९५६ सालीं नमुन्याचें एक गणकयंत्र सिद्ध केलें व १९६० सालीं पूर्ण यंत्र चालूं केलें. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्यांत २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि चाळीस चाळीस स्थानांचे २,०४८ शब्द एवढीच त्याची स्मरणशक्ति. आज साध्यांतल्या साध्या स्मार्टफोनची स्मरणशक्ति तिच्या लाखाहून अधिक पट असते.

गलाईवाल्यांच्या घरच्या वाचकांसाठीं एक उदाहरण राहिलें. सोनाराच्या दुकानांतील झाडलोटीची माती जाळून, आटवून, तेजाबांत घालून त्यांतून गुंजभर सोनें काढणें ही त्यांची विद्या. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची एक रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें ती उभी राहिली. तिच्यावर काम करणारा विद्यार्थी हीच गलाई करीत असतो. दूरच्या ताऱ्याची लहर अत्यंत क्षीण; तीवर मोबाईलचे मनोरे, विजेच्या तारांवरील ठिणग्या व मोटारींचीं इंजिनें यांचा कचरा पडलेला. कोणता कचरा कोठून आला हें ओळखून तो गणितानें वेगळा करण्यांत महिनेच्या महिने जातात, आणि कित्येकदां शेवटीं हातीं मातीच लागते. गलाईच्या भट्टीपुढें बसलेल्या माणसास हें नवें नाहीं.

पालकांच्या मनांतील पैशाचा प्रश्न टाळणें बरें नव्हे. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रवेश मिळविणाऱ्यास विद्यावेतन मिळतें व त्यांत त्याचा एकट्याचा निर्वाह होतो. घरीं पाठविण्यास फारसें उरत नाहीं. ज्या घरास त्या मुलाच्या मिळकतीची आजच गरज आहे, त्या घरानें आधीं कर्ज फेडावें यांत आम्हांस गैर दिसत नाहीं. कापरेकरांनीं नोकरी करीतच सारें केलें. पण जेथें चूल पेटण्याची चिंता नाहीं, तेथें केवळ शेजारी काय म्हणतील म्हणून मुलीस अगर मुलास परत बोलावूं नये. घरीं आल्यावर ‘पगार किती ?’ याच्या आधीं ‘सध्यां कोणतें कोडें चाललें आहे ?’ असें विचारून पाहावें. नीट सांगतां आलें नाहीं तर समजावें, कीं त्याला तें अजून उमगलें नाहीं !

विद्यार्थ्यांसाठीं थोडा अभ्यास ठेवतों. तीन अंकी संख्यांस कापरेकरांची क्रिया लावली तर ४९५ वर गाडी थांबते. कां, हें वरच्याच रीतीनें शोधावें. पांच अंकी संख्या एका ठिकाणीं थांबतच नाहींत, चक्रांत फिरत राहतात. दोन अंकी संख्यांचें काय होतें तें मात्र आम्ही मुद्दाम सांगत नाहीं. उत्तर नुसतें ९ आल्यास तें ०९ असें लिहून पुढें चालावें.